जे अहवालात नव्हतंच

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "परबबाई, खासदाराच्या ऑफिसात तेवीस वर्षं काढलीत, गमतीजमती असतील ना, त्या लिहा." गमतीजमती आहेत. पण लिहायला बसले की गमतीच्या आधी राग येतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी येतो. म्हणून रागच लिहिते, गंमत वाटेत सापडली तर सापडली.

आमचे खासदार राज्यसभेचे. त्याआधी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणायचे. घाटकोपर पूर्वेला चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. सर, मी आणि एक प्रिंटर, जो माझ्या आधी निवृत्त झाला. मी भांडुपहून यायची. पत्रं, निवेदनं, रेल्वेच्या तक्रारी, शाळाप्रवेशाच्या चिठ्ठ्या हे सगळं होतंच, पण माझं खरं काम होतं संसदेत विचारायचे प्रश्न लिहिणं.

लोकांना वाटतं, खासदार उभा राहतो आणि मनात येईल ते विचारतो. तसं नसतं. प्रश्न पंधरा दिवस आधी लेखी द्यावा लागतो. ज्याला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतो तो तारांकित. बाकीचे अतारांकित, त्यांना छापील उत्तर मिळतं. कुठला प्रश्न घ्यायचा आणि कुठला नाही हे नियम ठरवतात आणि नंबर सोडतीत लागतो. प्रश्नात टीका चालत नाही, टोमणा चालत नाही, विशेषणसुद्धा जपून वापरायचं. आणि विषय गोपनीय स्वरूपाचा असेल तर तो प्रश्न दारातूनच परत येतो.

प्रश्न लिहिणं हे कुलूप उघडण्यासारखं काम आहे. जोर लावला की किल्ली आतच तुटते. 'खात्याने हलगर्जीपणा का केला' असं विचारलंत तर परत. 'शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली' असं विचारलंत तर तारीख द्यावी लागते, आणि त्या तारखेतच हलगर्जीपणा दिसतो. हे मला सरांनी शिकवलं. पुढेपुढे सर म्हणायचे, "परब, तुम्ही माझ्यापेक्षा वाईट प्रश्न लिहिता." ही स्तुती होती.

आता गंमत. मढचे एक गृहस्थ यायचे. त्यांचा बंगला शूटिंगला भाड्याने जायचा. एकदा सिनेमावाल्यांनी गच्चीवर प्लायवूडचं रडार उभं केलं, त्यावर चंदेरी रंग मारला. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा सुरक्षा यंत्रणेची माणसं आली, रडार उचलून घेऊन गेली. गृहस्थांनी लेखी विचारलं, माझ्या गच्चीवरचं प्लायवूड कुठे आहे? उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव ही माहिती देता येत नाही. ते पत्र घेऊन ते आमच्याकडे आले. "मॅडम, प्लायवूड पण गोपनीय? मग सुताराला कळलं ते कसं चाललं?" आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. पुढे तीच ओळ मी दुसऱ्या एका माणसाच्या हातात पाहिली, तेव्हा हसू आलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर कोणी म्हणेल बाईला देशाचं काही पडलेलं नाही. माझा सख्खा भाऊ नौदलात होता. बोट कुठे आहे, कधी येणार, हे त्याने आईलाही कधी सांगितलं नाही आणि आईने कधी विचारलं नाही. ती देवापुढे दिवा लावायची आणि गप्प बसायची. असं गुपित मला कळतं. माझं भांडण वेगळ्या गुपिताशी आहे.

विमल साळवे पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा ड्युटीवरून थेट आल्या होत्या. महापालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स. विक्रोळीला चाळीत राहायच्या. चाळिशीच्या, बोलणं तोडून. त्यांचे यजमान अशोक संरक्षण खात्याच्या एका भांडारात कामाला होते. भांडार कुठलं ते मी लिहीत नाही. एका दुपारी तिथे आग लागली. अशोक धुरात गुदमरून गेले. आणखी दोघं भाजले, त्यातला एक त्याच चाळीतला.

विमलताईंनी माझ्या टेबलावर एक पत्र ठेवलं. भांडाराच्या स्थानिक अधिकाऱ्याचं. 'दुर्घटना सदर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचे चौकशीत निष्पन्न झाले आहे.' खाली सही, शिक्का.

"मग मी चौकशीचा अहवाल मागितला," त्या म्हणाल्या. "तर हे." दुसरं पत्र. अहवाल गोपनीय आहे, सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही.

मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. दोष सांगायला गोपनीय नाही, पुरावा दाखवायला गोपनीय.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" मी विचारलं. हे विचारावंच लागतं, कारण बहुतेकांना नोकरी किंवा भरपाई हवी असते आणि त्याचा रस्ता वेगळा असतो.

"भरपाईचं माझं मी बघते, मॅडम. त्याने काय चूक केली ते ज्या कागदावर लिहिलंय, तो कागद मला बघायचाय. चाळीत सगळे म्हणतात त्याने बिडी पेटवली. ज्याचा हात जळला त्याची बायको माझ्याकडे बघत पण नाही. आणि माझे सासरे…" त्यांनी पर्स मांडीवर सरळ केली. "आबा खाली बसायला जायचे बंद झालेत. चौतीस वर्षं कंपनीत फिटर होते, एक मेमो नाही त्यांना. आता दार लावून बसतात."

सरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "लिहा."

पहिला प्रश्न मी घाईत लिहिला. रागात लिहिला म्हणा ना. तो परत आला: विषय गोपनीय स्वरूपाचा. दुसऱ्यात भांडाराच्या आतल्या मालाचा उल्लेखच ठेवला नाही. फक्त माणसं, चौकशी आणि चौकशीचा निष्कर्ष. तो अतारांकित म्हणून घेतला गेला. उत्तर आलं: 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.'

वाचणाऱ्याला वाटेल, झालं काम. उलट आहे. हे वाक्य म्हणजे टोलवणं. पण त्यात एक मेख आहे, जी बाहेरच्यांना माहीत नसते. मंत्र्याने सभागृहात असं म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं. त्याची नोंद होते आणि ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. केलं नाही तर जाब विचारायला खासदारांची एक समिती असते, आश्वासन समिती. खातं त्या समितीकडे मुदतवाढ मागतं. मग परत मागतं. मग परत. आणि शेवटी लिहितं की सुरक्षेच्या दृष्टीने हे आश्वासन वगळण्यात यावं.

आमच्या बाबतीत तेच झालं. चार मुदतवाढी, मग वगळण्याची विनंती. मध्ये अडीच वर्षं गेली. विमलताई दर दोन महिन्यांनी यायच्या. ओरडल्या नाहीत कधी. एकदाच म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात मी असं उत्तर दिलं ना, की बाळाची माहिती गोळा करण्यात येत आहे, तर नातेवाईक मला तिथेच मारतील."

गुपित ठेवायचं की नाही हे ठरवणारं सरकार. ठेवलं ते बरोबर की चूक हे तपासणारंही सरकार. संसद मध्ये कुठे आहे? ती मागू शकते. पण एखादा कागद दाखवणं देशाच्या सुरक्षिततेला बाधक आहे असं सरकारने म्हटलं, की तो समितीलाही दाखवायला सरकार नकार देऊ शकतं. तसं नियमातच आहे. बाधक आहे की नाही हे कागद न बघता कसं ठरवणार? मी सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "वर्गात हा प्रश्न मुलं विचारायची. तेव्हा मी तास संपवायचो."

मग मला एक गोष्ट सुचली. भांडाराला काही विकत घ्यायचं असेल, दुरुस्त करायचं असेल, तर निविदा काढावी लागते. निविदा लोकांसाठीच असतात, सरकारच्या संकेतस्थळावर. मी तीन दुपारी जुन्या निविदा चाळत बसले. गवत कापणं, छपराचे पत्रे, उपाहारगृहाची भांडी. तिसऱ्या दुपारी सापडली. 'नादुरुस्त अग्निशमन पंपसंच काढून नवीन बसविणे, तातडीचे.' भांडाराचं नाव, कुठल्या फाटकातून आत यायचं ते, पंप किती आणि कुठल्या शेडजवळ आहेत तेसुद्धा. आणि तारीख आगीच्या चार महिने आधीची.

मी लगेच तिची प्रत काढून घेतली. त्या भांडारातले पंप बंद आहेत हे जगातल्या कुठल्याही माणसाला मोबाईलवर वाचता येत होतं. शत्रूला वाचता येत होतं. फक्त संसदेला सांगता येत नव्हतं, आणि विक्रोळीच्या एका नर्सला.

त्याच सुमारास सरांची नेमणूक आश्वासन समितीवर झाली. योगायोग, पण कधीतरी योगायोग आपल्या बाजूनेही व्हावा. सरांनी निविदेची प्रत समितीपुढे ठेवली आणि म्हणाले, जे तुम्हीच छापलंत ते गोपनीय कसं? समितीने वगळण्याची विनंती फेटाळली. दिल्लीत अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावलं. बंद दाराआड, अर्थात. पहिल्या बैठकीत अधिकारी अहवाल आणायलाच विसरले. दुसऱ्या बैठकीत बाधक असल्याचं तोंडी सांगून पाहिलं. तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, हे लेखी द्याल का, मंत्र्यांच्या सहीने? ते लेखी आलं नाही. तिसऱ्या बैठकीत अहवाल आला. एकच प्रत, सीलबंद पाकिटात. सभासदांनी तिथेच बसून वाचायची आणि परत द्यायची.

सर दिल्लीहून आले, ऑफिसात आले, खुर्चीत बसले. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. समितीचं कामकाज तिचा अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत बाहेर सांगता येत नाही.

संक्रांतीनंतर समितीच्या अहवालाचा मसुदा सभासदांकडे आला. सरांना त्यात दुरुस्त्या सुचवायच्या होत्या आणि टाईप मीच करणार होते. इंग्रजी मजकूर होता. सातव्या पानावर एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: चौकशी अहवालात मृत कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल कोणताही निष्कर्ष नाही. पुढे होतं की आगीच्या वेळी एकही पंप चालू नव्हता, आणि त्याबद्दल त्या कर्मचाऱ्यानेच तीनदा लेखी कळवलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. म्हणजे नव्हतंच. जे वाक्य एका अधिकाऱ्याने सहीशिक्क्यानिशी घरी पाठवलं ते अहवालात नव्हतंच. आणि अहवाल गोपनीय, म्हणून ते नाही हे कोणाला कधी कळलंच नसतं. कशाची सुरक्षा होती ही? देशाची? त्या शिक्क्याची होती.

मी पान घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, विमलताईंना एवढं तरी सांगूया."

सरांनी चष्मा काढला. "नाही सांगता येत, परब."

"एक वाक्य, सर."

"एक वाक्य फुटलं की विशेषाधिकारभंग होतो. तो माझ्यावर येऊ दे, त्याचं काही नाही. पण पुढच्या वेळी अधिकारी म्हणतील, समितीकडून माहिती फुटते, म्हणून आम्ही कागद दाखवत नाही. आणि ते बरोबर म्हणतील. आज ज्या पाकिटासाठी आपण तीन वर्षं भांडलो ते परत कधी उघडणार नाही. अहवाल मांडला जाईल तेव्हा सगळ्यांना कळेल."

"कधी मांडला जाईल?"

"याच अधिवेशनात, बहुतेक."

त्यांचं म्हणणं मला पटलं. आजही पूर्ण खोडता येत नाही. मी जागेवर येऊन दुरुस्त्या टाईप केल्या.

त्या अधिवेशनात अहवाल मांडला गेला नाही. समितीची बैठक पुढे गेली, मग आणखी पुढे.

होळीच्या आसपास आबा ऑफिसात आले. एकटेच. याआधी विमलताईंबरोबर एकदा आले होते, तेव्हा काही बोलले नव्हते. जिना चढून दमले होते. मी पाणी दिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं.

"सूनबाईला सांगू नका मी आलो ते," म्हणाले. "काही कळलं का?"

"अजून कागद आला नाही, आबा."

"कागद नको मला. वाचता पण येत नाही आता, मोतीबिंदू आहे." ग्लास टेबलावर ठेवला. "मी चाळीत सगळ्यांना सांगतो, माझ्या पोराने बिडीला हात लावला नाही. पण बाई, पोरगा बाहेर काय करतो ते बापाला काय माहीत? रात्री झोप लागत नाही. वाटतं, पेटवली असेल तर? तो दुसरा पोरगा जन्माचा लुळा झाला. तुम्ही नुसती मान हलवा. हो की नाही. मी कोणाला बोलणार नाही."

टेबलाच्या खणात ते पान होतं. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

मी म्हटलं, "कागद आला की कळवते."

मान हलली नाही माझी. ते उठले, "तुम्हाला त्रास दिला," म्हणाले आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले.

आंबेडकर जयंतीच्या आधल्या आठवड्यात आबा गेले. हृदयविकार. मी विक्रोळीला भेटायला गेले. दारात चपला फार नव्हत्या. जळालेल्या हाताचा तो शेजारी दोन खोल्या पलीकडे दारात उभा होता, पण आला नाही. मी विमलताईंजवळ बसले आणि तिथेही काही बोलले नाही. आता बोलून काय उपयोग, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे धीर झाला नाही.

अहवाल पावसाळी अधिवेशनात मांडला गेला. कुठल्याही वर्तमानपत्रात बातमी आली नाही. सभागृहात त्या दिवशी गोंधळ चालू होता, त्या गोंधळातच इतर कागदांबरोबर तोही पटलावर ठेवला गेला. मी संकेतस्थळावरून प्रत काढली, सातव्या पानाचं मराठी भाषांतर स्वच्छ टाईप केलं आणि विमलताईंना फोन केला.

त्या ड्युटी संपवून आल्या. उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसून परत वाचलं. बोट एकेका शब्दावरून फिरत होतं. 'तीनदा लेखी कळविले होते' इथे ते बराच वेळ थांबलं.

"हे गोपनीय होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ह्यात देशाचं काय आहे?"

त्या रडल्या नाहीत. प्रती किती मिळतील विचारलं. मी म्हटलं, हव्या तेवढ्या, आता हा उघड कागद आहे. त्यांनी दहा मागितल्या. एक त्या हात भाजलेल्या शेजाऱ्याच्या घरी, एक भांडारातल्या युनियनला, बाकीच्या चाळीत. "मी स्वतः एकेका दारात जाऊन देणार. वाचा म्हणणार, माझ्यासमोर वाचा."

प्रिंटर खडखडत प्रती काढत होता. तिसऱ्या-चौथ्या प्रतीला मला ते पोटात ठेवता येईना. सांगितलं. की मसुदा जानेवारीतच माझ्याकडे आला होता, मी हे वाक्य तेव्हाच वाचलं होतं. आबा मार्चमध्ये इथे येऊन बसले होते आणि त्यांनी नुसती मान हलवायला सांगितली होती. सरांनी जे समजावलं तेही सांगितलं, समितीचा नियम, विशेषाधिकार, पुढच्या वेळी पाकीट उघडणार नाही ते. सगळं. माझं मलाच ऐकू येत होतं की मी एखाद्या खात्याचं उत्तर वाचून दाखवतेय. भाग (अ), भाग (ब) आणि भाग (क).

विमलताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. प्रिंटर थांबला. त्यांनी प्रती उचलल्या, टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या, पर्समध्ये घातल्या.

"तुम्ही मान हलवली असती, तर तुमचं काय झालं असतं?"

मी विचार केला. खरं उत्तर द्यायचं ठरवलं होतं, म्हणून खरंच दिलं. "कोणाला कळलं नसतं बहुतेक. कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

त्यांनी पर्सची चेन ओढून बंद केली. आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"एवढंच?"